कवळीचा खर्च आणि पैशांची सोय: या चुका टाळा

कवळीला किती खर्च येईल, असे विचारल्यावर दवाखान्यातून बहुधा एकच आकडा सांगितला जातो. तो लक्षात ठेवून माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथला आकडा ऐकतो आणि कमी असलेला निवडून मोकळा होतो. पुढचा बराचसा मनस्ताप या तुलनेतूनच निघतो, कारण दोन्ही आकड्यांत धरलेले काम सारखे असतेच असे नाही. एका ठिकाणी उरलेले दात काढणे, एक्स-रे आणि कवळी बसवल्यानंतरच्या फेऱ्या त्यातच मोजलेल्या असतात, तर दुसऱ्या ठिकाणी निव्वळ कवळी तयार करून देण्याचे पैसे सांगितलेले असतात आणि बाकीचे ज्या त्या वेळी वेगळे द्यावे लागतात.

माझ्या आईच्या वेळी ही चूक आम्ही स्वतः केली. हातात आलेल्या कागदावर ‘वरची व खालची पूर्ण कवळी’ एवढीच ओळ आणि तिच्यासमोर एक रक्कम होती. खालच्या जबड्यात सहा दात शिल्लक होते. ते काढण्याचा खर्च त्या रकमेत नव्हता. दात काढल्यावर हाडाचा टोकदार कंगोरा घासून सारखा करावा लागला, तोही त्यात नव्हता, आणि चौथ्या महिन्यात कवळी सैल झाल्यावर तिला आतून नवा थर द्यावा लागला, त्याचेही पैसे वेगळे पडले. कुणी फसवले असे मला म्हणता येणार नाही. आम्ही विचारले नाही आणि समोरून कुणी सांगितले नाही.

म्हणून खर्च टप्प्याटप्प्याने लिहून मागावा. साध्या पूर्ण कवळीचे काम साधारणपणे पाच बैठकांत होते: प्राथमिक माप, त्यावरून खास तयार केलेल्या साच्यातून घेतलेले बारकाव्याचे माप, दोन्ही जबड्यांमधले अंतर आणि चाव्याची नोंद, मेणावर दात लावून तोंडात पाहण्याची बैठक, आणि शेवटी तयार कवळी बसवणे. यानंतर टोचणाऱ्या जागा घासून घेण्यासाठी दोन-तीन फेऱ्या जवळजवळ प्रत्येकाला माराव्या लागतात. त्या फेऱ्या ठरलेल्या रकमेत आहेत का, किती महिन्यांपर्यंत आहेत आणि त्यानंतर प्रत्येक फेरीला काय पडेल, हे तीन प्रश्न विचारले तरी दोन दवाखान्यांतला फरक पुष्कळसा उलगडतो.

मेणाची बैठक उरकून टाकणे ही वरकरणी किरकोळ वाटणारी चूक आहे. या टप्प्यावर दात मेणात बसवलेले असतात, त्यामुळे दाताची लांबी, रंग, ओठांचा उठाव, मधली रेषा यांपैकी काहीही सहज बदलता येते. एकदा मेणाच्या जागी अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचे प्लास्टिक, शिजले की बहुतेक बदलांसाठी काम मागे न्यावे लागते आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद होतो. या दिवशी घरातले एखादे माणूस सोबत न्यावे, खिडकीजवळच्या उजेडात आरशात पाहावे, चार वाक्ये मोठ्याने बोलून पाहावीत. पटत नसेल तर तिथेच सांगावे. डॉक्टर वाईट मानतील म्हणून गप्प बसणारी माणसेच पुढे कवळी डबीत ठेवून देतात, आणि डबीतल्या कवळीइतकी महाग कवळी दुसरी नाही.

एकदा पैसे भरले की विषय संपला, हा समज

दात गेल्यावर त्यांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि ही झीज थांबत नाही. ती पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदावते. टालग्रेन या दंतसंशोधकांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 25 वर्षांच्या पाठपुराव्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. वरची कवळी टाळूवर पसरून लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालच्या कवळीला टेकायला जागा त्याहून बरीच कमी मिळते आणि जिभेच्या प्रत्येक हालचालीत ती उचलली जाते. त्यामुळे ‘वरची छान बसली, खालची मात्र नाचते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि दर वेळी त्यात दवाखान्याचा दोष असतोच असे नाही.

याचा खर्चाशी सरळ संबंध आहे. कवळी आहे तशीच राहते, हिरडीखालचे हाड मात्र बदलते, म्हणून काही काळाने तिला आतून नवा थर द्यावा लागतो; दवाखान्यात याला रिलाइनिंग म्हणतात. साधारण पाच ते दहा वर्षांत कवळीच नवी करावी लागते, कारण दात झिजून चावा बसका होतो. तेव्हा मिळालेला आकडा वर्षांनी भागून पाहावा आणि मधल्या रिलाइनिंगचे पैसे त्यात मिळवावेत. रिलाइनिंगसह दहा वर्षे टिकलेली कवळी थोडी महाग असली, तरी चार वर्षांत टाकून द्याव्या लागलेल्या स्वस्त कवळीपेक्षा ती परवडलेली असते.

दात काढल्याच्या दिवशीच बसवल्या जाणाऱ्या तात्काळ कवळीच्या बाबतीत तर हा हिशेब आधीच करायला हवा. ती दात काढण्यापूर्वीच्या मापावरून, अंदाजाने तयार केलेली असते; मेणाची बैठक पुढच्या दातांपुरती होऊ शकत नाही, आणि जखमा भरून हिरडी खाली बसली की ती काही महिन्यांतच सैल पडते. एक दिवसही बिनदाताचे राहावे लागत नाही, हा तिचा फायदा खरा आहे, पण तिच्यासोबत किमान एक रिलाइनिंग आणि पुष्कळदा वर्षभराने नवी कवळी येते, हे गृहीत धरावे. आम्ही तात्काळ कवळीसाठी 24 महिन्यांचे हप्ते घेतले होते. कवळी वर्षभरात बदलली आणि जुन्या कवळीचे हप्ते नव्या कवळीच्या पैशांसोबत भरत बसलो.

स्वस्त आणि महाग यांतला फरक न समजता निवडणे

बहुतेक कवळ्या अॅक्रिलिकच्या असतात. 1930 च्या दशकात हे प्लास्टिक आले आणि त्याआधीचे कठीण केलेले रबर मागे पडले. ते गुलाबी रंगात हिरडीसारखे दिसते, दुरुस्त करता येते, त्यात नंतर दात वाढवता येतो. काही दात शिल्लक असतील तर कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या बारीक सांगाड्यावरची अर्धी कवळी मिळते. ती पातळ असते, उरलेल्या दातांवर टेकते आणि अधिक टिकते, पण लॅबचे काम जास्त असल्याने महाग पडते. नायलॉनची लवचिक कवळी तारांशिवाय बसते म्हणून दिसायला नेटकी वाटते. मात्र ती तुटल्यास जोडणे, तिच्यात दात वाढवणे किंवा रिलाइन करणे अवघड असते. उरलेल्या दातांपैकी एखादा लवकरच जाणार असेल, तर या फरकावरच निर्णय ठरायला हवा.

खालची कवळी कितीही केले तरी टिकत नसेल, तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या खुंट्यांवर, अडकणारी कवळी हा चांगला पर्याय आहे. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्यांसाठी हीच पहिली निवड असावी, असे मत मांडले होते. खर्च साध्या कवळीच्या कितीतरी पट असतो, आणि अडकवणीतल्या रबरी किंवा नायलॉनच्या कड्या झिजल्या की बदलाव्या लागतात, ही पुढची रक्कमही लक्षात घ्यावी. जो माणूस साध्या कवळीने समाधानी आहे, त्याने केवळ कुणी सुचवले म्हणून कर्ज काढून इम्प्लांट करू नयेत, असे माझे मत आहे.

विम्याच्या अटी शेवटी वाचणे

दातांचा विमा आहे म्हणजे कवळीचे पैसे मिळतील, असे धरून चालू नये. पुष्कळ आरोग्य विम्यांत दातांचा खर्च अपघातापुरताच मिळतो. दातांच्या वेगळ्या विम्यातही चार अटी हमखास अडवतात: विमा घेतल्यानंतरचा प्रतीक्षाकाळ, वर्षाची कमाल मर्यादा, जुनी कवळी ठराविक वर्षांनंतरच बदलून देण्याचा नियम, आणि विमा सुरू होण्यापूर्वीच पडलेल्या दाताचा खर्च नाकारणारे कलम. काही पॉलिसींत महागडा प्रकार निवडला तरी स्वस्त पर्यायाइतकेच पैसे मिळतात आणि वरचा फरक आपल्याला भरावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी दवाखान्याकडून विमा कंपनीला खर्चपत्रक पाठवून लेखी पूर्वमान्यता घ्यावी. तोंडी होकाराला दावा फेटाळला गेल्यावर काही किंमत उरत नाही. वार्षिक मर्यादा कमी असेल आणि डॉक्टरांच्या मते थांबण्यात धोका नसेल, तर दात काढण्याचे काम विमावर्षाच्या शेवटी आणि कवळी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला घेऊन दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता येते. अशा वेळी खर्चाचा दिवस कोणता धरला जाणार, हे आधी विचारावे, कारण कुठे माप घेतल्याचा दिवस धरतात तर कुठे कवळी बसवल्याचा.

हप्त्याचा आकडा पाहून सही करणे

‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांनी माणूस निर्धास्त होतो. समजा, रकमेचे 100 भाग धरले, परतफेड 12 समान मासिक हप्त्यांत आहे आणि प्रोसेसिंग फी म्हणून 5 भाग सुरुवातीलाच कापले जातात. व्याज शून्य लिहिलेले असले तरी हे कर्ज वर्षाला सुमारे साडेनऊ टक्क्यांना पडते. दुसरा प्रकार सरळ दराचा: 100 वर वर्षाला 10 टक्के म्हणून 110 भाग 12 हप्त्यांत फेडायचे. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण 100 वर लागल्यामुळे खरा दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो. काही योजनांत एखादा हप्ता चुकला किंवा ठरलेल्या मुदतीत पूर्ण फेड झाली नाही, तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम लावले जाते. सही करण्यापूर्वी एकच विचारावे: हातात किती मिळणार आणि सगळे धरून परत किती द्यायचे.

त्याहून सोपा मार्ग पुष्कळदा कुणी विचारतच नाही. काम चार-पाच बैठकांत होणार असेल तर पैसेही त्याच टप्प्यांत देऊ का, असे दवाखान्यालाच विचारावे. शेवटचा भाग कवळी बसवल्यानंतरच्या पहिल्या तपासणीपर्यंत राखून ठेवता आला तर उत्तम. संपूर्ण रक्कम आगाऊ भरून मिळणारी सवलत मला फारशी आकर्षक वाटत नाही, कारण मधेच काम सोडावे लागले तर परतावा किती मिळेल, हे क्वचितच लिहिलेले असते.

दंत महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात आणि तिथे खर्च बराच कमी येतो. प्रत्येक टप्पा तपासला जातो, त्यामुळे काम सहसा चांगले होते, पण बैठका जास्त आणि लांबलचक असतात. थकलेल्या माणसाला इतक्या फेऱ्या झेपतील का, आणि सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या कामाचे काय, याचाही हिशेब करावा.

घरी होणाऱ्या महागड्या चुका

कवळी टोचते म्हणून घरी कानशीने घासणे आणि तुटली म्हणून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडणे, या दोन्हींमुळे स्वस्तातली दुरुस्ती हातची जाते. गोंद लागल्यावर तुटलेल्या कडा एकमेकींत नेमक्या बसत नाहीत आणि लॅबला जोडणी करता येत नाही. तुकडे गोळा करून तसेच दवाखान्यात न्यावेत. टोचत असेल तर जाण्यापूर्वी काही तास कवळी घालावी, म्हणजे हिरडीवर लाल खूण दिसते. डॉक्टर ती खूण कवळीवर उतरवून घेतात आणि नेमकी तेवढीच जागा घासतात. आईच्या कवळीला असा दोन मिनिटांचा हात लागला आणि आठवडाभराची रडकथा संपली.

सैल कवळी चिकटवायच्या पेस्टवर वर्षानुवर्षे रेटू नये. झिंक असलेली पेस्ट दीर्घकाळ भरमसाट वापरल्यास शरीरातले तांबे कमी होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते, आणि पेस्ट वाढवावी लागते आहे याचा अर्थच रिलाइनिंगची वेळ झाली आहे. उकळत्या पाण्याने अॅक्रिलिक वाकते. ब्लीचने धातूचा सांगाडा गंजतो. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावे किंवा ओला टॉवेल अंथरावा, कारण साबणाच्या हातातून निसटलेली कवळी कोरड्या बेसिनवर आपटून सहज तुटते.

नवी कवळी आल्यावर जुनी फेकू नये. पाण्याच्या डबीत ती ठेवून दिली, तर नवी दुरुस्तीला गेल्यावर ते दोन-तीन दिवस तिच्यावर निघतात आणि तातडीच्या कामाचे जादा पैसे वाचतात.