जुन्या गाडीचे इंजिन : हेड, हाफ की फुल?

वीस-पंचवीस वर्षे जुन्या, वेगाची हौस भागवणाऱ्या गाडीचे इंजिन धूर सोडू लागले की पहिला सल्ला मिळतो तो ‘फुल इंजिन करून टाका’, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करा, असा. माझ्या होंडा सिटीच्या १.५ व्हीटेक इंजिनाबद्दल साताऱ्यातील एका गॅरेजने एकही प्लग न काढता हेच सांगितले होते. प्रत्यक्षात काम हेडवरच, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावरच, भागले. म्हणून किती खोलायचे हे खोलण्यापूर्वी, मोजमाप घेऊन ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. इंजिन एकदा टेबलावर सुटे झाले की प्रत्येक भाग नवा घ्यावासा वाटतो आणि खर्चाचा हिशोब हातातून निसटतो.

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करावी. इंजिनातील वाफ बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तरी ऑइल जळते, आणि तो बदलायला विशेष खर्च येत नाही. त्यानंतर धुराचा रंग आणि धूर येण्याची वेळ पाहावी. यासाठी यवतेश्वरचा घाट फार सोयीचा आहे. मात्र धूर पाहायला मागच्या गाडीत दुसरा माणूस हवा. ॲक्सिलरेटर सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून घाट उतरताना इंटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, ओढ वाढते आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या झिजलेल्या सीलमधून ऑइल आत खेचले जाते. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा एकच लोट निघून थांबला, तर संशय सीलवर घ्यावा. उलट चढावर, जोर असताना, धूर सतत येत राहिला तर पिस्टनभोवतीच्या रिंगांकडे वळावे. ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले हेड गॅस्केट तपासल्याशिवाय गाडी पुढे चालवू नये.

निर्णयाचा खरा आधार मात्र कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याचे मोजमाप, हाच आहे. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, पेट्रोल आणि इग्निशन बंद करावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फटके मिळतील इतका सेल्फ मारावा. बॅटरी पूर्ण चार्ज नसेल तर आकडे उगाचच कमी येतात. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला अधिक महत्त्व द्यावे. माझ्या गाडीचे आकडे १७८, १७४, १२० आणि १७६ पीएसआय असे आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले, तेव्हा काटा जेमतेम १२४ वर गेला. ऑइलमुळे रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. त्यामुळे रिंगा खराब असत्या तर आकडा चांगला वर गेला असता. तो गेला नाही, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा होता. मग त्याच सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणून, त्याचे सर्व व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. सायलेन्सरजवळ कान नेल्यावर फुसफुस स्पष्ट ऐकू आली, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता. हवा ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंगा, इंटेककडून येत असेल तर इंटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, असे समजावे.

हेड उतरवल्यावर मिस्त्रींनी ते उलटे ठेवून चारही खळग्यांत रॉकेल ओतले. तीन खळगे तसेच भरलेले राहिले आणि तिसऱ्यातले रॉकेल दहा मिनिटांत पोर्टमधून खाली उतरले. व्हॉल्व्ह काढला तेव्हा त्याच्या कडेचा नखाएवढा भाग जळून उडालेला दिसला. टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, वर्षानुवर्षे तपासले नव्हते. व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती सीट झिजत गेली, अंतर संपले, व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा झाला, आणि सीटला टेकल्यावर जी उष्णता हेडमध्ये जायला हवी ती व्हॉल्व्हमध्येच राहिली. नवा व्हॉल्व्ह, सर्व सील, सीट कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे) आणि हेडचा सपाटपणा पट्टी व फिलर गेजने तपासणे, एवढ्यावर काम आटोपले.

हेड खाली असताना बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची आतली भिंत, जरूर पाहावा. होनिंगच्या, म्हणजे बोअर हलका घासल्याच्या, तिरप्या रेषा अजून दिसत असतील आणि वरच्या टोकाला नख अडेल अशी कड नसेल, तर खालच्या भागाला हात लावू नये. रिंगा गेल्या असतील पण बोअर गोल असेल, तर हलके होनिंग करून नव्या रिंगा घालता येतात. हेच आपल्याकडचे हाफ इंजिन. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत, आणि बोअर गेजने न मोजता त्या घालणे हा पैसे वाया घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे मी कळकळीने सांगतो.

फुल इंजिनाचा निर्णय ऑइल प्रेशरवर आणि बेअरिंगवर सोपवावा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबून न राहता मीटर जोडून, गरम इंजिनावर, प्रेशर मोजावे. ते कमी आले किंवा खालून जड ठोका ऐकू आला, तर संप, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, उतरवून एका कनेक्टिंग रॉडचे कॅप काढावे. बेअरिंग करड्या रंगाचे, गुळगुळीत असेल तर धीर धरता येतो. तांबे दिसू लागले असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा, बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजावाच लागतो. अशा वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम नेणे मला परवडते, कारण ऑइल इंजिनांच्या धंद्यामुळे तिथे बोअर आणि क्रँक ग्राइंडिंगचा हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे. मात्र एक क्रम कधीही मोडू नये : आधी ओव्हरसाइज (मोठ्या मापाचे) पिस्टन आणि घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीचे अंडरसाइज बेअरिंग प्रत्यक्ष हातात घ्यावेत, मग त्या मापाने बोअर आणि क्रँक करावा. जुन्या गाडीचे ०.२५ मिमी मोठे पिस्टन मिळतील असे गृहीत धरून बोअर केला आणि बाजारात फक्त ०.५० चे मिळाले, तर दुसऱ्यांदा बोअर करण्याची मजुरी भरावी लागते.

‘खोललेच आहे तर’ म्हणून बदलावे असे भाग मोजकेच आहेत. टाइमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप आणि त्या बाजूचे ऑइल सील नवेच घालावेत, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलावेत. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते लवकर खराब होतात. हेड पॉलिश, वेगळे कॅम, मोठा एक्झॉस्ट यांचा खर्च या यादीत मिसळू नये.

सेकंडहँड इंजिन बसवणे कधीकधी स्वस्त पडते, पण आरसी बुकात इंजिन क्रमांक असतो. पक्के बिल नसेल आणि आरटीओकडे बदलाची नोंद केली नाही, तर विक्रीच्या आणि पासिंगच्या वेळी अडचण येते. तेही इंजिन विकत घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्यावे.

रिंगा किंवा बेअरिंग बदलल्यास पहिले ऑइल साधारण ५०० किलोमीटरला काढावे, ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ओतून धातूचे कण तपासावेत, आणि हजार किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेटचे अंतर पुन्हा मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावे.