रिकाम्या सीटवर बेल्टचा बीप वाजतोय?

मोंढ्यातून आणलेली बियाण्याची बॅग शेजारच्या सीटवर ठेवली की बीप वाजणारच, गाडी तिला माणूस समजते. पण सीट रिकामी असूनही वाजत असेल तर तिचा बेल्ट लावून बघा. बीप थांबला तर बकल (बेल्ट जिथं अडकवतो तो खाचा) ठीक, दोष सीटमधल्या सेन्सरचा किंवा वायरचा. नाही थांबला तर बकलचाच संशय घ्या.

मग सीट मागे सरकवून खाली टॉर्च मारा. रुळात चेपलेली वायर, फुफाट्यानं भरलेला कनेक्टर बहुधा तिथंच सापडतो. कनेक्टर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर (वायरिंगचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा, वाळला की टक् आवाज येईपर्यंत दाबा. सेन्सर बदलायचं नंतर बघू.

मात्र कनेक्टर सोडवण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. पिवळी वायर एअरबॅगची, तिला मल्टिमीटर लावायचा नाही.