सौनाचं बोलावणं आलं तर

फिनलंडमध्ये कुणी घरी सौनाला, म्हणजे तापवलेल्या खोलीत वाफ घेत बसायला बोलावलं, तर तो आपलेपणा समजा आणि शक्यतो नाही म्हणू नका. ठरलेल्या वेळेलाच पोहोचा. बूट दारातच काढायचे, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

सौनात शिरण्याआधी अंघोळ हवीच. बाकावर छोटा टॉवेल अंथरून बसा. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की उठणाऱ्या वाफेला ‘लोय्ल्यु’ म्हणतात. शेजारी कुणी बसलं असेल तर पाणी टाकण्याआधी विचारा. कपड्यांविना बसणं तिथे अगदी साधी गोष्ट आहे, आणि घरच्यांखेरीज इतर मंडळी असली की स्त्री-पुरुष सहसा वेगवेगळे बसतात. संकोच वाटत असेल तर ‘टॉवेल गुंडाळून बसलो तर चालेल का?’ असं आधीच सरळ विचारा. फिनिश माणसाला असं स्पष्ट विचारलेलं आवडतं. सार्वजनिक तरणतलावाच्या सौनात मात्र पोहण्याचे कपडे घालून बसायला बहुधा मनाई असते.

आत सगळे गप्प बसले, तर कुणी रागावलंय असं मानू नका. ती शांतता मोडायला विषय शोधू नका, तुम्हीही निवांत बसा. गरगरायला लागलं, तर न संकोचता बाहेर या.