दिवाळीआधीची कोल्हापूरवारी: आधी पोट, मग पाय, मग सोनं, शेवटी गूळ

गेली नऊ वर्षं दिवाळीच्या तोंडावर आम्ही चौघीजणी गाडी काढून कोल्हापूरला जातो. मी, माझी धाकटी जाऊ, वन्सं आणि सासूबाई. पुण्यातून निघायचं, एक मुक्काम करायचा, दुसऱ्या रात्री घरी. पहिल्या दोन वर्षांत आम्ही सगळं चुकीच्या क्रमाने केलं. सकाळी पोचल्या पोचल्या चपला घेतल्या, परतताना मटण जेवलो आणि गूळ पहिल्याच दिवशी घेऊन उन्हातल्या गाडीत ठेवला. पैसे तेवढेच गेले, पण हाती नीट काही लागलं नाही. तेव्हापासून क्रम ठरलाय: आधी पोट, मग पाय, मग सोनं, शेवटी गूळ. या वर्षी जाणार असाल तर माझं ऐकाच.

निघायची वेळ कोजागरीनंतरची. नवरात्रातली अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि वसुबारसेला निदान आठ-दहा दिवस असतात. हे दिवस हातात हवेतच, कारण नवी कोल्हापुरी चप्पल पायात बसायला आठवडा घेते आणि साज किंवा ठुशी गाठवून घ्यायची असेल तर कारागिराला वेळ लागतो. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गेलात तर दुकानदाराला तुमच्याशी बोलायलाही फुरसत नसते. शक्यतो गुरुवार-शुक्रवार धरा, शनिवार-रविवार नको. मनात असलेल्या दुकानांची आठवड्याची सुट्टी आधी फोन करून विचारा.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३५ किलोमीटर. आम्ही पहाटे साडेपाचला गाडी काढतो. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच भरून ठेवा. उजाडताना खंबाटकी चढायला मिळाला की मालवाहू ट्रकांच्या मागे रखडावं लागत नाही. साताऱ्याच्या आसपास चहा आणि डब्यातले दशम्या-चटणी, बस्स. वाटेत पोटभर खायचं नाही, कारण दुपारचं ताट वाट बघत असतं. साताऱ्यापुढे रस्तारुंदीची कामं चालू असली की वळणरस्ते बरेच असतात, म्हणून गाडी चालवणारीने घाई करू नये. घड्याळाकडे बघणं हे बाजूला बसणारीचं काम.

पैशांचं एकदाच ठरवा. आम्ही निघताना प्रत्येकी तीन हजार रुपये एका पितळी डबीत टाकतो. डिझेल, टोल, खोली, जेवण, चहा सगळं त्या डबीतून. डबी वन्संकडे. स्वतःची खरेदी स्वतःच्या पैशाची. यामुळे 'तू दिलेस, मी देते' हा घोळ हॉटेलच्या गल्ल्यापाशी होत नाही आणि परतल्यावर कुणाच्या मनात काही राहत नाही. नात्यातल्या बायका एकत्र निघाल्या की ही डबी फार मोठं काम करते.

पोचायला साडेदहा-अकरा होतात. खोली शहरातच घ्या, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल अशी. महाद्वार रोड, भवानी मंडप, चप्पल लाईन, सराफांची गुजरी, सगळं देवळाच्या अवतीभवती आहे. गाडी एकदा लावली की दुसऱ्या दुपारपर्यंत काढायची नाही. खोलीवर जागा नसेल तर बिंदू चौकातला वाहनतळ आहे.

आता पोट. तांबडा-पांढरा पहिल्याच दिवशी दुपारी खायचा, परतीच्या दिवशी कधीच नाही. सुकं मटण, दोन्ही रस्से आणि भाकऱ्या पोटात गेल्यावर जी सुस्ती येते ती घेऊन हायवेवर गाडी हाकू नये. एका वर्षी मी ते केलं आणि कराडच्या पुढे डोळा लागल्यासारखा झाला. धाकटीने खांद्याला हात लावला म्हणून भानावर आले. गाडी बाजूला घेतली आणि तासभर झोपले. त्यानंतर हा नियम आमच्यात कुणी मोडलेला नाही.

ताट आलं की आधी पांढरा रस्सा प्या. तो भाकरीबरोबर खायचा नसतो, वाटीने प्यायचा असतो. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, आणि तिखटाची भुकटी नावाला नाही. मग तांबड्याकडे वळा. तिखट सोसत नसेल त्याने नुसतं अळणी मागावं, कुणी नाही म्हणत नाही. आमच्या सासूबाई शाकाहारी. त्यांच्यासाठी शाकाहारी ताटही मिळेल असंच ठिकाण आम्ही आधी विचारून ठेवतो. 'तुम्ही खा, मी दहीभात खाईन' असं म्हाताऱ्या माणसाला म्हणायला लावू नये.

जेवून दोन तास झोपा. खरंच झोपा. कारण चपला घ्यायच्या त्या संध्याकाळी, पाच वाजता. दिवसभर बसून-फिरून पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात आणि त्या पायाला जी चप्पल बेताची बसते तीच पुढे नीट बसते. सकाळच्या पायाला घेतलेली संध्याकाळी चावते.

चप्पल लाईनला शिरलं की दोन्ही बाजूंनी 'या की वैनी' सुरू होतं. पहिल्या दुकानात घेऊ नका, पण बसा मात्र. तिथली माणसं बोलायला मोकळी असतात. 'घालून तर बघा की, पैसं काय पळून चाललंत व्हय?' असं म्हणून एक कारागीर आमच्यासाठी अर्धा तास चपला काढत बसला होता आणि आम्ही एकच जोड घेतला तरी त्याचा चेहरा पडला नाही. कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी अशी घाटांची नावं त्याच्याकडूनच शिकलो. नावं येत असली की बघणारा वरवरचा नाही हे दुकानदाराला कळतं आणि तो आतला माल काढतो.

चप्पल हातात घेतली की आधी आडवी धरून कडेने तळ बघा. अस्सल तळात कातड्याचे थर एकावर एक दिसतात आणि ते चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. टाचेपाशी थरांऐवजी पुठ्ठा दिसला किंवा कड रंगाने जाड लिंपलेली असली तर ठेवून द्या. मग वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला एक तुरट, मातकट वास असतो. रेक्झिनला तो येत नाही. मग नख दाबा, वण उठला पाहिजे. शेवटी दोन्ही पायांत घालून फरशीवर दहा पावलं चाला. करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगा, त्यासाठी तळात 'विंचू' नावाचं बी घातलेलं असतं.

माप नेहमी अंगासरशी घ्या. कातडं वापराने सैल पडतं, आखडत कधीच नाही. धाकटीने एकदा पहिल्याच दिवशी ऐसपैस वाटली म्हणून मोठी घेतली आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती पायातून निसटायला लागली. घरी आणल्यावर पट्टा, कान आणि तळ तिन्हीला एरंडेल चोळून रात्रभर ठेवा, मग रोज तासभर घरातच वापरा. पाडव्याला पायात अशी बसते की काढावीशी वाटत नाही. आणि पावसात नेऊ नका, कुजते. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. म्हणून अथणीच्या बाजूची चप्पल कुणी दाखवली तर ती नकली समजू नका.

एकदा रस्त्यावरच्या एका दुकानात निम्म्या भावात जोड मिळाला म्हणून मी दोन घेतले. महिन्यात टाच सुटली, आत पुठ्ठा. तेव्हापासून भाव करताना मी जपून करते. एक जोड हाताने शिवायला किती वेळ जातो हे बघितलं की निम्मा भाव मागायला जीभ वळत नाही.

रात्री जड काही नको. खासबागेची भेळ खा. शेजारीच १९१२ सालचं शाहू महाराजांचं कुस्त्यांचं मैदान आहे, ते बघून या. नंतर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्या. सासूबाईंना दोन्ही दिवसांत सगळ्यात जास्त हेच आवडतं. गरम फेस ओठाला लागतो तेव्हा त्या काही बोलत नाहीत, डोळे मिटून पितात.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाबाई. सहाच्या सुमाराला गेलात तर गुडघे दुखणाऱ्या माणसालाही रांग झेपते. पुन्हा कधी ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आलात तर किरणोत्सवही साधता येतो. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. त्यासाठी मुक्काम मात्र संध्याकाळचा हवा.

दर्शनानंतर मिसळ. उद्यमनगरात फडतरे, नाहीतर कसबा बावडा. पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात. कट वेगळा मागून घ्या आणि आपल्या जिभेला सोसेल तेवढाच ओता.

अकराला गुजरीत जा. तेव्हा दुकानं नुकतीच उघडलेली असतात आणि सराफाला वेळ असतो. साज घ्यायचा असेल तर एक प्रश्न पहिल्यांदा विचारा: 'सोनं किती आणि लाख किती?' साजाची पानं आणि मणी आतून लाखेने भरलेले असतात, म्हणून तराजूवरचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे. निव्वळ सोन्याचं वजन, मजुरी आणि मोडताना काय धरणार, तिन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथेच तपासा, कुणी रागावत नाही. साजात २१ पानं असतात. सराफाला एकेक पान दाखवून समजावून सांगायला लावा. ते ऐकताना वन्संनी मागच्या वर्षी मनाशी ठरवलेला हार बाजूला ठेवला आणि साजच घेतला. सोनं परवडत नसेल तर चांदीवर पाणी दिलेला घ्या, घडण तीच असते.

तिखट घ्यायचं तर 'चटणी' म्हणून मागा. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट. नवी मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणून दिवाळीत किलोभर पुरे. उन्हाळ्यात ताजं मागवा.

गूळ सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर गुऱ्हाळावरच. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरी ही गुळाचीच पेठ, तिथेही मिळतो. पण करवीर किंवा पन्हाळ्याच्या बाजूला धूर दिसला की गाडी वळवा. पाऊस लांबला तर गुऱ्हाळं उशिरा पेटतात, म्हणून आदल्या दिवशी खोलीवरच्या माणसाला विचारून ठेवा. गुऱ्हाळावर थोडं उभं राहा. चुलवाणात चिपाडं पडत असतात, काहिलीत रस उकळत असतो. गुळव्या उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडून दोन बोटांत त्याची गोळी करून बघतो. गोळी जमली की तो हात वर करतो आणि चार माणसं काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात रिकामी करतात. क्षणभर सगळीकडे नुसती वाफ आणि वास. तुमच्या हातावर गरम गुळाचा एक गोळा येतो, नाही म्हणू नका. पिवळाधमक गूळ सुंदर दिसतो, पण मी तपकिरीच घेते. पिवळेपणासाठी पावडर टाकतात, तपकिरी भेंडीच्या रसाने साफ केलेला मिळतो. घेताना तेवढं विचारा. काकवी काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी पायाशी ठेवा, डिकीत नको.

डिकीत खाली ढेपा सुती कापडात गुंडाळून, वर तिखट दुहेरी पिशवीत, चपला एका बाजूला. चपला आणि तिखट शेजारी ठेवलं तर कातड्याला वास धरतो. सोनं अंगावरच्या पर्समध्ये, आणि ती पर्स सासूबाईंच्या मांडीवर. दोनला गुऱ्हाळावरून निघालं की अंधार पडता पडता साताऱ्याच्या अलीकडे येतो. वाटेत कराडच्या आसपास एखाद्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी. तेव्हा डबीत साधारण तीन-चारशे रुपये उरलेले असतात. वन्सं त्यातून चार चहा सांगतात.