इटालियन क्रियापद चुकतंय? या चुका टाळा

इटालियन आपण बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकतो, पण क्रियापद कर्त्याशी जुळवताना आड येते ती आपली मराठी.

सगळ्यात चिवट चूक आदराची. ‘सर आले’ म्हणायची जिभेला सवय, म्हणून ‘इल प्रोफेस्सोरे सोनो आर्रिवाती’ तोंडातून सहज निसटतं. इटालियनमध्ये कोणाबद्दल बोलताना आदरार्थी बहुवचन असं होत नाही. सर एकटेच आलेत ना? मग ‘इल प्रोफेस्सोरे ए आर्रिवातो’. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणायला ‘लेई’ वापरतात आणि त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: ‘लेई दोवे लावोरा?’ म्हणजे तुम्ही कुठे काम करता? (1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने या ‘लेई’वर बंदी घालून अनेकवचनी ‘वोई’ लादलं होतं. दक्षिण इटलीत आदरासाठी ‘वोई’ अजूनही कानावर पडतं. आपल्याला ते जवळचं वाटेल, तरी बोलताना ‘लेई’च धरा.)

‘लोक म्हणतात’चं इटालियन ‘ला जेन्ते दीचे’. ‘जेन्ते’ एकवचनी आहे, तिथे ‘दीकोनो’ नको.

भूतकाळात खरी गंमत आहे. जाणं-येणं असेल तर सोपं: मार्को ‘ए आंदातो’, मारीया ‘ए आंदाता’, अगदी गेला-गेली. खाण्याचं मात्र वेगळं. ‘मारीयाने पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’ या वाक्यांत आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. त्याच सवयीने ‘मारीया आ मांजाता ला पित्त्सा’ लिहिलं जातं. बरोबर रूप ‘आ मांजातो’. पित्त्सा स्त्रीलिंगी असली तरी आणि खाणारी मारीया असली तरी. पण पित्त्साऐवजी ‘ती’ हे सर्वनाम क्रियापदाआधी आलं, की ‘मांजातो’चं ‘मांजाता’ होतं. म्हणजे मराठीचा नियम तिथे चालतो, फक्त तेवढ्यापुरता.

‘आवडणं’ हे क्रियापद मात्र बिनधास्त मराठीतून जुळवा. ‘मला कॉफी आवडते’ म्हणजे ‘मी प्याचे इल काफ्फे’. ‘मला पुस्तकं आवडतात’ म्हणजे ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’. आवडणारी वस्तू एक की अनेक, एवढंच बघायचं. घोटाळा होतो तो उच्चारामुळे: इटालियन ‘मी’ म्हणजे ‘मला’. त्याला मराठी ‘मी’ समजून प्रथमपुरुषी ‘मी प्याच्चो’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळेल की तुम्ही स्वतःच स्वतःला आवडता.