क्रोशेचे फोटो टाकताय? मग या चुका टाळा

क्रोशे शिकवायचं म्हणून लोक एकामागून एक आठ फोटो टाकतात आणि खाली लिहितात "सोप्पं आहे, फोटोत बघा". काय बघू? काळ्या लोकरीचा काळा गोळा दिसतोय. दहा वर्षं हे बघतेय, आणि आधीच कबूल करते की सगळ्यात मोठा घोळ मीच घातलेला आहे.

एक गोल मॅट केली होती, साध्या खांबांची (खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका). फोटो टाकला आणि खाली एकच ओळ लिहिली, "मधे 12 खांब, मग वाढवत जा". किती वाढवायचं ते लिहिलंच नाही, मला वाटलं फोटोत दिसतंय की. एका बाईंनी करायला घेतली. त्यांना मुक्या खांबांची (म्हणजे वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्यांची) खेळणी करायची सवय, तिथे दर फेरीला 6 वाढतात, 6, 12, 18, 24 असं, म्हणून त्यांनी इथेही 12 वरून 18 आणि 18 वरून 24 केले. चौथ्या फेरीला मॅटची वाटी झाली. उसवली, परत केली, परत वाटी. मला विचारलं, "ताई, तुमचं सपाट आणि माझं टोपीसारखं का होतंय?" आणि मी शहाणीने काय केलं, तर अजून पाच फोटो पाठवले! जवळून काढलेले, लाल बाण काढलेले. त्या बिचाऱ्या बाणांकडे बघून तिसऱ्यांदा विणायला बसल्या, आणि तिसऱ्यांदा वाटी.

शेवटी स्वतःची मॅट मांडीवर घेऊन, सुईच्या टोकाने मोजत मोजत लिहून काढलं (साखळी म्हणजे सुईने दोरा ओढून केलेला साधा फास):

फेरी 1: गोलात 12 खांब (सुरुवातीच्या 3 साखळ्या म्हणजे पहिला खांब).
फेरी 2: प्रत्येक खांबात 2 खांब. एकूण 24.
फेरी 3: एकात 1, पुढच्यात 2, असंच फिरत. एकूण 36.
फेरी 4: एकात 1, पुढच्यात 1, त्याच्या पुढच्यात 2. एकूण 48.

त्याच संध्याकाळी मॅट झाली. चार ओळी!

कारण अगदी सरळ आहे. मुका खांब जेवढा रुंद जवळजवळ तेवढाच उंच, आणि गोलाची त्रिज्या एका मुक्या खांबाने वाढली की घेर सव्वासहा मुक्या खांबांनी वाढतो (शाळेच्या गणितातला पाय, 3.14, त्याची दुप्पट), म्हणून दर फेरीला 6 वाढवायचे. साधा खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून 12. कमी वाढवले तर वाटी, जास्त वाढवले तर झालर. फोटोत हे कसं दिसणार, तिथे फक्त गोल दिसतो. तेव्हापासून माझी सवय म्हणजे फेरी संपली की आधी वहीत लिहायचं, कंसात एकूण आकडा टाकायचा, मगच पुढची फेरी. "सगळं झाल्यावर आठवून लिहीन" म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण मीही तेच म्हणायचे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे "डबल क्रोशे". कोणाचा डबल? अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब, आणि ब्रिटिश डबल म्हणजे अमेरिकन सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश पद्धतीत साध्या खांबाला ट्रेबल म्हणतात. त्यामुळे नुसतं "डबल" लिहिलं की निम्म्या लोकांचं स्वेटर अर्ध्या उंचीचं होणार, आणि वर विचारणार लोकर कमी पडली का. एक खूण सांगते, कृतीत "सिंगल क्रोशे" असा शब्द दिसला की ती अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश नावांत सिंगल नसतोच. मी तर पहिल्याच ओळीत लिहिते, "खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला, मुका खांब म्हणजे वेढा न घेता". त्यानंतर नाव काही का असेना.

सुईचा नंबर मिलिमीटरमध्ये लिहा. "मधली सुई" असं काही नसतं.

"सैल विणा" हेही लिहू नका. माझं सैल म्हणजे तुमचं घट्ट असू शकतं. त्यापेक्षा "10 सेंमीत 14 खांब बसले पाहिजेत" असं लिहा, म्हणजे समोरचा नमुना विणून, पट्टी लावून बघेल आणि जमलं नाही तर सुई बदलेल. नमुना विणायचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, ते आख्खं स्वेटर उसवतील तेव्हा स्वतःच बोलतील.

"उजवीकडच्या टाक्यात सुई घाला" असं लिहिणाऱ्यांनो, डावखुरे लोक उलट्या दिशेने विणतात हो. "पुढच्या टाक्यात" म्हणा, दोघांचं भागतं.

कृती फोटोवरच टाईप करून टाकणं, हा तर कहर. बघायला छान, पण त्यातला शब्द सहज कॉपी होत नाही, शोधून सापडेलच असं नाही, आणि ज्यांना दिसत नाही ते फोनकडून वाचून घेतात, त्यांच्या फोनला ते नीट वाचता येईलच असं नाही, कधी कधी "चित्र" एवढंच समजतं. न बघता, बोटांनी टाके मोजून विणणारी माणसं आहेत, आणि माझ्यापेक्षा नीट मोजतात.

दुसरं टोकही गाठू नका. ही लोकर हातात घेतल्यावर मनात काय काय आलं याचे पाच परिच्छेद, आणि साखळ्या किती ते सगळ्यात शेवटी. आधी साखळ्या सांगा बाई.

फोटो टाकूच नका असं नाही म्हणत. मीही टाकते, एकच, पूर्ण झालेल्या वस्तूचा, फिक्या लोकरीचा, खिडकीजवळ काढलेला. पण आधी कृती कोणाला तरी फोटोशिवाय देते आणि विणायला सांगते. मागच्या आठवड्यात एक पिशवी अशीच दिली तर तिसऱ्या ओळीवर परत आली, "इथे 3 साखळ्या खांब म्हणून मोजायच्या की नाही?" लिहायचंच राहिलं होतं.