पिटुनियाचं बी मातीत पुरू नका

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात पिटुनियाचं बी पेरायला घ्या, म्हणजे थंडीत बाल्कनी जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी भरून जाते. अनेकांचं बी उगवतच नाही, आणि पुष्कळदा दोष बियाण्याचा नसून पेरणीचा असतो. हे बी खसखशीपेक्षाही बारीक, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. म्हणून चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या वाळूत मिसळा, ट्रेमधल्या ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या मिश्रणावर भुरभुरा आणि तळहातानं हलकेच दाबा. वर मातीचा थर नको. झारीनं पाणीही नको, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे पाणी भरलेल्या परातीत ठेवा, ओल खालून चढू द्या. साधारण 8-10 दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. तो क्षण मला फुलांइतकाच आवडतो!

चार-सहा खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की 8 इंची कुंडीत एकेक रोप लावा. रोज 5-6 तास ऊन हवंच. रोप बोटभर उंच झालं की शेंडा खुडा. अगदी जिवावर येतं, पण त्याखालून फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं.

सुकलेलं फूल नुसतं ओढलं तर पाकळ्या हातात येतात आणि मागचा हिरवा भाग बी धरत बसतो. ते देठासकट खुडा. बोटांना चिकट लागेल, पिटुनियाची पानं आणि देठ असतातच तसे.